चंद्राक्काचं आळं

"मुळं कुठं हायती ह्याला?"

चंद्राक्कानं तो कापलेला तुकडा उलटा केला आणि बुडाकडून बघितला. हातभर लांब, मनगटाएवढं खोड आणि डोक्यावर तलवारीसारख्या पानांचा झुबका. बुडाला नुसता करवतीचा ओला, पांढरा काप.

"येतील," मी म्हटलं.

"कवा?"

"दीड-दोन महिन्यांनी."

"आन् तवर काय खाऊन जगायचं त्येनं?"

"स्वतःच्या अंगातलं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सांगितलं की हे झाड उद्यापासून ड्युटीवर येणार आहे. मग तुकडा ढिगावर ठेवला आणि हात पदराला पुसले.

आरेखिंड हे आमचं स्टेशन अरुंद रुळांच्या धाकट्या गाडीच्या मार्गावर होतं. दिवसातून दोन पॅसेंजर, एक मालगाडी. माझे यजमान तिथले स्टेशन मास्तर. स्टाफ म्हणजे पोर्टर गेनू, पाणीवाली चंद्राक्का आणि रात्रपाळीचा एक माणूस. पलीकडे पन्नास-साठ घरांची वस्ती. बाहत्तरच्या दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. वस्तीची विहीर आटलेली, स्टेशनची बोअर आदल्याच वर्षी कोरडी पडलेली. आठवड्यातून तीनदा मालगाडीला जोडून पाण्याची टाकी यायची. ते पाणी आधी प्रवाशांना, मग स्टाफला आणि जे उरेल ते वस्तीला. नियमानं वस्तीला द्यायची परवानगी नव्हती, पण तसा ठाम नकारही नव्हता, आणि आमचे हे त्या दोहोंच्या मधल्या जागेतून रोज तीस-चाळीस घागरी बाहेर जाऊ देत.

हे पाणी वाटायचं काम चंद्राक्काचं. तिचा नवरा गँगमन होता, रुळावर काम करताना गेला. त्याच्या जागी हिला पाणीवाली म्हणून घेतलं. पन्नाशीची, उंच, हाडं दिसणारी बाई. तिच्याकडे एक पितळी माप होतं. प्रवासी साहेब असो की भिकारी, तेवढंच मिळायचं. मला एकदा तिनं पेला विसळताना बघितलं आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "मास्तरीणबाई, पेला पदरानं पुसला तर काय जात जाईल का तुमची?" तेव्हापासून मी पेला पुसतच आले. आजही माझी सून हसते.

फलाटाच्या कडेला दोन लांब वाफे होते. पूर्वी त्यात झेंडू, सदाफुली असायची. आता भेगा. रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दिसत आणि माझा जीव कसनुसा व्हायचा. मी माळ्याची मुलगी. माझे वडील, नाना, सरकारी रोपवाटिकेत तीस वर्षं माळी होते. पोरींनी शाळेत जावं असं त्यांना वाटे, पण शाळेतून आल्यावर आम्ही कलमं बांधायला बसायचो. त्यामुळे मालधक्क्याजवळचं जुनं युकाचं झाड सिग्नलच्या तारेवर कलंडलं आणि ते तोडून टाकायचा हुकूम आला, तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि मला सणासारखं वाटलं. गोऱ्या साहेबाच्या वेळचं झाड. त्याला सतरा डोकी होती. म्हणजे सतरा झाडं, आणि तीही पाणी न मागणारी.

तो दिवस पाडव्याचा होता.

गेनूला मी नीट सांगितलं होतं. करवतीनं कापायचं, कोयत्यानं चेचायचं नाही. खालची पानं सोलून काढायची. काप कोळशाच्या भुकटीत दाबायचा आणि सगळी डोकी मालधक्क्याच्या सावलीत दहा दिवस आडवी ठेवायची. काप वाळून त्यावर खपली धरली पाहिजे. ओला काप मातीत गेला की कुजलाच. मग वाफ्यात इंजिनाची राख आणि ओढ्यातली वाळू भरायची, वीतभर खोल लावायचं आणि विसरून जायचं. पाणी नाही. पहिला नवा कोंब सरकलेला दिसेपर्यंत थेंबही नाही. आणि मुळं धरली का म्हणून ओढून बघायचं नाही. ही शेवटची गोष्ट नाना दर वेळी सांगायचे. लहानपणी मी ओढून बघायची आणि मार खायची.

"दहा दिस?" चंद्राक्का म्हणाली. "आज पाडवा हाय. आज लावलं ते लागतंच."

"आज लावलं तर कुजेल, चंद्राक्का."

"पाडव्याला लावलेलं कुजत न्हाई."

मी हसून सोडून दिलं. संध्याकाळी ढिगात सोळाच डोकी भरली. सतरावं फलाटाच्या पार टोकाला, नावाच्या पाटीच्या मागं उभं होतं. भोवती काळ्या मातीचं गोल आळं होतं आणि खोडाला हळद-कुंकू. तिनं वस्तीतून पदरात भरून माती आणली होती.

"तुमची सोळा तुम्ही लावा," ती म्हणाली. "ह्ये माझं. माझी तुळस जळाली, बाई. दारात काय तरी हिरवं पायजे का नको?"

तिची खोली पाटीच्या मागंच होती. मी ते तसंच राहू दिलं. एक झाड कुजेल, तेव्हा तिचं तिलाच कळेल, असा माझ्या मनात माळ्याचा खोडसाळपणाही होता.

दहा दिवसांनी मी आणि गेनूनं सोळा डोकी रांगेत लावली. प्रवाशांच्या पोरांना टोचू नयेत म्हणून मी शिवणाच्या कात्रीनं प्रत्येक पानाचं टोक कापलं. आणि काय सांगू, त्या भाजलेल्या फलाटाला एकदम चेहरा आला. सगळीकडे पांढरी माती आणि मधे हिरवी रांग. पॅसेंजर थांबली की लोक खिडकीतून बोट दाखवायचे. मी पदर खोचून स्वयंपाकघरात उभी राहून ते बघायची. सव्वीस वर्षांची होते, आणि ती रांग माझी होती.

खिडकीतून बघायची सवय होती म्हणूनच महिन्याभरानं मला ते दिसलं. सकाळची पॅसेंजर उभी होती. हे गार्डाशी बोलत होते, गेनू पार्सलं उतरवत होता. प्रवाशांना पाणी देऊन झाल्यावर चंद्राक्का तांब्या घेऊन पाटीच्या मागं गेली, डोक्यावर पदर घेतला, आळ्यात हळूच पाणी ओतलं आणि हात जोडले. मग पायानं वर कोरडी राख ओढली.

गाडी गेल्यावर मी तिला गाठलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"पाडव्यापास्नं."

"लोक घागरीसाठी भांडतात आणि तुम्ही झाडाला पाणी घालता? तुम्ही?"

तिला ते लागलं. हनुवटी वर करून ती म्हणाली, की टाकीतल्या पाण्याचं माप तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही आणि तिनं ते मोडलेलं नाही. मी म्हटलं, ते काही असो, बंद करा. शिवाय त्या पाण्यानंच झाड मरेल. शेवटी ती "बरं" म्हणाली.

मी ते यांच्या कानावर घातलं नाही. सांगितलं असतं तर यांना तिला मेमो द्यावा लागला असता. नियमाच्या बाबतीत यांची मान फार ताठ. मी म्हटलं, बंद झालंय, कशाला.

आठच दिवसांनी विभागीय कार्यालयातून पत्र आलं. आरेखिंड स्टेशनवर पिण्याच्या टाकीतलं पाणी बागेला घातलं जातं अशी तक्रार आली आहे, खुलासा करावा. तक्रार खरी निघाली तर टाकी आठवड्यातून एकदाच पाठवण्यात येईल, आणि जबाबदार कर्मचाऱ्यावर योग्य ती कारवाई होईल.

हे ओट्यापाशी पाटावर बसून उत्तर लिहीत होते. लिहिलेलं मला वाचून दाखवायची यांची पद्धत होती. "बागेतील झाडांस टाकीतील पाण्याचा एक थेंबही दिलेला नाही, व दिला जात नाही," यांनी वाचलं आणि वर बघितलं. "बरोबर ना? बाग तुझी आहे."

मी भाकरी उलटत होते. "बरोबर," मी म्हटलं.

यांनी खाली सही केली. लांबलचक, वळणदार सही होती यांची. आठवड्यातून एकदाच टाकी म्हणजे वस्तीला एक घागरसुद्धा उरणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

उत्तरानं भागलं नाही. पुढच्या आठवड्यात सकाळी फोन खणखणला, की वाहतूक निरीक्षक खानोलकर साहेब दहाच्या पॅसेंजरनं स्वतः चौकशीला येत आहेत. हे कोट घालायला गेले आणि मी खुरपं घेऊन पाटीकडे गेले. नुसतं बघायला. आळ्यावरची राख बाजूला केली आणि बोट घातलं. पेरभर खाली माती ओली होती.

चंद्राक्का दारातच उभी होती.

"तुम्ही बरं म्हणालात," मी म्हटलं.

"म्हनलं. पर ऱ्हावलं न्हाई."

"सरका. मी हे उपटून टाकते. माती झाकून टाकू."

ती सरकली नाही. उलट आळ्यापाशी येऊन उकिडवी बसली, खोडाला पाठ लावून नव्हे, नुसती वाट अडवून, दारात बसावं तशी. मी तिला सगळं सांगितलं. यांनी लिहून दिलंय, थेंबही नाही म्हणून. साहेबानं हे बघितलं तर यांची नोकरी जाईल आणि वस्तीची टाकी जाईल. मी आवाज चढवला, मग रडकुंडीला आले.

"मग माझं नाव घ्या," ती म्हणाली. "म्या घातलं. मला काढू द्या कामावरनं. पर पाडव्याला लावलेलं जितं झाड उपटू देणार न्हाई."

"ते जिवंत आहे कशावरून?"

"हिरवं हाय की. डोळं न्हाईत का तुमाला?"

हिरवं तर होतंच. सोळांइतकंच. मी खुरपं उचललं आणि तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ फुटले होते, कोपऱ्यात पांढरी पापडी धरली होती. पाणी वाटणाऱ्या बाईचे. तेव्हा मी ते बघितलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. माझ्या डोक्यात यांची ती वळणदार सही होती. तेवढ्यात खिंडीतून गाडीची शिटी आली. मी आळ्यावर राख ओढली आणि घरात निघून गेले.

खानोलकर साहेब बुटके, घामाघूम, हातात छत्री. चहा नको म्हणाले. प्रवाशांची गर्दी ओसरेपर्यंत थांबले आणि मग फलाटावरच खिशातून कागद काढून वाचायला लागले. मी खिडकीतून ऐकत होते. खालच्या अंगाला सही नसलेली तक्रार. लिहिणारा रोज या गाडीनं जाणारा कुणी तरी असावा. त्यानं लिहिलं होतं, की आरेखिंडला प्रवाशांना एक पेला पाणी मोजून देतात, आणि तीच पाणीवाली रोज सकाळी गाडी उभी असताना पाटीच्या मागं जाऊन तांब्यानं झाडांना पाणी घालते. हे आम्ही डोळ्यांनी बघतो. दुष्काळात सोळा-सतरा झाडं अशी हिरवीगार राहतात, ती कशानं, हे साहेबांनीच सांगावं.

"मास्तर," साहेब म्हणाले, "तुमचा खुलासा मी वाचला. थेंबही नाही."

"नाही, साहेब."

"मग ही हिरवी कशी?"

यांना ते सांगता येईना. झाडांतलं यांना काहीच कळत नव्हतं. बायको म्हणते पाणी लागत नाही, हे साहेबासमोर कसं म्हणणार? हे नुसते ताठ उभे राहिले. साहेब सरळ पाटीच्या मागं गेले. कुंकू लावलेलं खोड दिसलं, आळं दिसलं. छत्रीच्या टोकानं राख सारली, खाली वाकून दोन बोटं घातली आणि ती वर काढून यांना दाखवली. बोटांना काळा चिखल लागला होता.

मी यांचा चेहरा बघितला. पुढं छत्तीस वर्षं संसार केला, पण तसा चेहरा पुन्हा बघितला नाही. हे रागावले नव्हते. कुणी तरी अंगाखालची खुर्ची काढून घ्यावी, तसे दिसत होते.

"ते माझं हाय," चंद्राक्का पुढं आली. "मास्तरांस्नी ठाव न्हाई. माझ्या वाटणीच्या पाण्यातलं म्या घातलं."

"बाई, ते कुणाच्या वाटणीचं, ते पाण्यावर लिहिलेलं नसतं," साहेब म्हणाले. आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "आणि एकाला घातलं, तर बाकी सोळांना घातलं नाही हे मी कशावरून मानू? मला तर सगळी सारखीच दिसतात."

ते सरळ उभे राहिले तेव्हा त्यांचा हात झाडाच्या झुबक्याला लागला. आणि झुबका हलला. पानं हलली नाहीत, अख्खं खोड हललं, सैल झालेल्या दातासारखं.

मी घरातून कशी बाहेर आले, ते मला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती आणि फलाट तापलेला होता, एवढं आठवतं. सरकारी चौकशीत मास्तरच्या बायकोनं तोंड घालायचं नसतं. यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आत जा म्हणून.

"साहेब," मी म्हटलं, "ते झाड उपटा."

"काय?"

"उपटा. जोर लागणार नाही."

"बाई," चंद्राक्का म्हणाली. तिनं माझा दंड धरला. नखं रुतली.

साहेबांनी दोन हातांनी खोड धरलं आणि ते चुलीतल्या राखेतून लाकूड निघावं तसं सहज वर आलं. खालचा वीतभर भाग तपकिरी झाला होता. बुडाची साल साहेबांच्या हातातच राहिली आणि आतून लगदा गळाला. वास असा सुटला की गेनूनं नाक धरलं. वरचा झुबका मात्र हिरवागार. तो कापून मी त्याच दिवशी बाजूला ठेवायला हवा होता, पण तेव्हा ते सुचलं नाही.

"आता या सोळांतलं कुठलंही एक," मी म्हटलं. "तुम्ही निवडा. मी नाही."

ते रांगेवरून चालत गेले. पाचव्यापाशी थांबले, पुढं गेले, परत पाचव्यापाशी आले. धरून ओढलं. ते आलं नाही. त्याचा अर्थ मला कळला होता, साहेबांना नाही. मुळं धरली होती. सात आठवडे मी ज्याची वाट बघत होते, ते त्यांच्या हातात होतं, आणि नानांच्या बोलण्याविरुद्ध मलाच सांगायचं होतं.

"जोरानं ओढा," मी म्हटलं.

करकर आवाज करत ते निघालं. खड्ड्यातली राख आणि वाळू साहेबांच्या बुटावर सांडली, इतकी कोरडी की उडून गेली. बुडाचा काप दगडासारखा टणक, काळा, आणि त्याच्या कडेनं भाताच्या शितांएवढी पांढरी मुळं. तीन-चार तुटली होती.

"साहेब, ही दोन्ही एकाच झाडाची. एकाच दिवशी कापलेली. ज्याला पाणी मिळालं, ते हे," मी कुजकं दाखवलं. "सोळांना पाणी घातलं असतं तर सोळांचं असं झालं असतं. चंद्राक्कानं एकालाच घातलं, म्हणून एकच गेलं."

"पण मग पाण्याशिवाय हिरवं कसं राहतं, बाई?"

"तुमच्या दारावर कोरफड टांगलेली आहे ना, दृष्ट लागू नये म्हणून? उलटी?"

"आहे," ते म्हणाले.

"किती महिने झाले?"

त्यांनी मनात मोजलं. "दिवाळीला टांगली."

"हिरवी आहे?"

"आहे."

"तिला कोण पाणी घालतं?"

हातातलं पाचवं झाड साहेबांनी फिरवून फिरवून बघितलं, मग रांगेच्या शेवटपर्यंत जाऊन चार ठिकाणी राखेत बोटं घातली. सगळीकडे कोरडं. परत येताना ते हसत होते, पण स्वतःशीच. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, ते ठरवत असावेत.

"टाकी चालू राहील," ते म्हणाले. "पण मास्तर, तुमचं ते वाक्य. थेंबही नाही."

"ते मी बदलून देतो," हे म्हणाले. ऑफिसातून कागद आणला आणि तिथंच मालाच्या पेटीवर लिहायला बसले. लिहिता लिहिता चंद्राक्काला विचारलं, "तुमच्या वाटणीचं म्हणजे नक्की कुठलं पाणी? मला लिहायचंय."

ती कुजक्या झाडापाशी बसली होती. त्यावरचं कुंकू पदरानं पुसत होती.

"माझं दुपारचं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दुपारी प्यायचा तांब्या. त्यातलं अर्धं सकाळीच ह्याला, अर्धं संध्याकाळी मला. दुपारी नुसतं तोंड ओलं करायचं. सवय झालती."

पाडव्यापासून मेअखेरीपर्यंत. त्या फलाटावर, जिथं मला अनवाणी दोन मिनिटं उभं राहवेना. आणि ती दिवसभर दुसऱ्यांच्या ओंजळीत पाणी ओतत उभी असायची.

यांची लेखणी थांबली. बऱ्याच वेळानं यांनी लिहिलं आणि या वेळी मला वाचून दाखवलं नाही. साहेबांनी वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि दुपारच्या मालगाडीच्या गार्डाबरोबर निघून गेले. जाताना त्यांनी पाचवं झाड माझ्या हातात दिलं, अगदी जपून, तान्हं मूल द्यावं तसं.

मी ते परत लावलं. पुष्कळ वेळ माती दाबत बसले. मागून यांची चाहूल लागली.

"तुला माहीत होतं," हे म्हणाले.

"हो."

"भाकरी भाजत होतीस तेव्हा."

"हो. मला वाटलं बंद झालंय."

हे घरात गेले, आमच्या माठातून तांब्या भरला आणि चंद्राक्काच्या खोलीपाशी गेले. ती उंबऱ्यावर बसली होती.

"प्या," हे म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. माझ्या हातानं मेलं ते. लई पाजलं म्या त्येला."

"प्या म्हणतो ना. माझ्यासमोर."

तिनं तांब्या दोन्ही हातांत धरला. पहिले दोन घोट तिला गिळता येईनात. मग ती तोंडाला लावून सगळा प्यायली, आणि पाणी गळ्यावरून खाली ओघळलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी तिला पाणी सांडताना बघितलं.

त्यानंतर आमची बदली होईपर्यंत, म्हणजे पुढची दोन वर्षं, दुपारची मालगाडी गेली की हे टोपी काढून पाटीपर्यंत चालत जायचे आणि तिचा तांब्या रिकामा होईपर्यंत तिथं उभे राहायचे. पाऊस पडल्यावर, विहिरी भरल्यावरसुद्धा. ती कुरकुर करायची, "आता काय दुस्काळ हाय का?" हे म्हणायचे, "ड्युटी आहे."

ती धाकटी गाडी आता राहिली नाही. नवी लाइन दुसरीकडून गेली. हे जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि चंद्राक्का त्याच्याही आधी गेली. गेल्या उन्हाळ्यात नातवाला लग्नाला त्या बाजूला जायचं होतं, तर मी म्हटलं, जरा वाट वाकडी कर. स्टेशनच्या खोल्यांना दारं नव्हती. रूळ उचलून नेलेले. फलाटाच्या कडेला सोळा युका उभी होती, दोन-दोन पुरुष उंच, आणि तीन-चारांना फुलं आली होती, पांढऱ्या घंटांचे मोठाले झुबके. पाचवं इतरांपेक्षा हातभर बुटकं होतं. तेवढं त्यानं कधीच भरून काढलं नाही.

नावाची पाटी नव्हती, पण तिचे दोन लोखंडी खांब होते. मी त्यांच्या मागं गेले. तिथं काही नव्हतं. काळ्या मातीचा एक गोल तेवढा बाकीच्या पांढऱ्या जमिनीत ओळखू येत होता, की मलाच तसं वाटलं.

नातू मागून आला आणि त्यानं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. ऊन रखरखीत होतं. मी झाकण काढलं. हात आपोआप खाली गेला होता, त्या गोलाकडे. मग मी तो वर घेतला आणि तिथं उभी राहून सगळी बाटली प्यायले.